कोपरामागची मोटार

दुकानासमोर थांबलेल्या एका जुन्या फोर्डला टेकून कोणी गृहस्थ कमरेवर हात ठेवून पान चघळत उभे होते. झालं ते एवढंच. पण एवढ्यानेच बाबुलालच्या हातातलं फॅनबेल्टांचं भेंडोळं खाली गेलं आणि गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "काहून रे, आज सकाळीच डुलकी?" डुलकी कसली! तो फोटो आल्यापासून झोपेचं नावच नव्हतं. त्या गृहस्थांचं कोपर बाहेर आलं होतं, पंजा कमरेवर होता, आणि हात नि अंग यांच्यामध्ये जो त्रिकोण झाला होता त्यातून मागच्या फोर्डचा दिवा दिसत होता. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधल्या घळीत बसवलेला वाटोळा दिवा. गृहस्थ पिंक टाकायला वाकले की तो लपे, पुन्हा टेकले की म्हशीच्या डोळ्यासारखा शांतपणे बाबुलालकडे बघे. बाबुलालच्या खिशातल्या फोटोतही एक माणूस असाच मोटारीला टेकून, असाच कमरेवर हात ठेवून उभा होता. फोटोच्या खालचा भाग वाळवीने खाल्ला होता, म्हणून मोटारीला पायदान आहे की नाही ते कळत नव्हतं. मोटारीची वरची काच उन्हाने चमकून पांढरी झाली होती. माणूस नेमका दिव्याच्या जागेवर उभा होता. पण त्याच्या कोपरामागे असा त्रिकोण होता, आणि त्यात काय दिसतं हे पाहायचं बाबुलालला आजवर सुचलं नव्हतं. आता सुचलं, तर खिशात हात घालायची हिंमत होईना.

यवतमाळच्या बसस्टँडकडच्या रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांचं हे दुकान. इथे तो मॅट्रिकनंतर लागला आणि बघता बघता सगळ्या बाजारात त्याचं नाव झालं. मोटारीचा आवाज ऐकून तो मान वर न करता नाव सांगे. गिऱ्हाईक गॅस्केटचा तुकडा पुढे टाकी आणि हा म्हणे, ऑस्टिन. पुढेपुढे लोक गंमत म्हणून घरातले जुने फोटो आणू लागले. लग्नाचे, वरातीचे, कोण्या जिनिंगवाल्याच्या मुंजीचे. नवरा-नवरीकडे न बघता तो मागच्या मोटारीकडे बघे आणि मॉडेल सांगे, आणि मॉडेलवरून फोटोची साल. एकदा एका वकिलांच्या आजोबांचं लग्न त्याने मोटारीवरून दहा वर्षं पुढे आणलं, तेव्हा वकील हसत म्हणाले होते, "अरे बाबा, मग आमच्या वडिलांचा जन्म कुठे घालू?" सगळे हसले, बाबुलालही हसला. तो फोटो नंतर त्यांच्या नातेवाइकांच्या वरातीचा निघाला, म्हणून निभावलं. आता तो प्रसंग आठवला की हसू येत नसे. मोटारीला माणसं कळत नाहीत. ती नुसती मागे उभी राहते आणि साल सांगते.

खिशातल्या फोटोतला माणूस त्याचा बाप होता. लालसिंग. उमरखेडजवळच्या त्यांच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातले जुने लोक कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. आगगाडी आली आणि बैल बसले. लालसिंग कापसाच्या गाठींच्या ट्रकवर क्लीनर झाला तेव्हा म्हणायचा म्हणे, की बैल तेवढा बदलला, आपण तेच. असाच एकदा ट्रकवर बसून पैनगंगेपलीकडे निजामाच्या मुलखात गेला, तिकडे रझाकारांची धामधूम उसळली, आणि लालसिंग परत आला नाही. बाबुलाल तेव्हा धड बोलतही नव्हता. मेला असं सगळा तांडा मनात धरून होता, पण तोंडाने कोणी म्हणत नव्हतं, कारण मेलेला कोणी पाहिला नव्हता. आणि कोणी पाहिला नव्हता म्हणून जमनीने, बाबुलालच्या याडीने म्हणजे आईने, केसांतली घुगरी-टोपली काही उतरवली नव्हती. कानांच्या दोन्ही बाजूंना केसांत गुंफून लोंबणारा हा चांदीचा दागिना नवरा असलेल्या बाईचा. नवरा गेला की तो उतरतो, दंडावरचा पांढरा चुडा उतरतो. जमनीने तो इतकी वर्षं बाळगला. तांडा गप्प बसला. जमनीचं तोंड तिखट आहे हेही एक कारण होतंच.

पण आता बाबुलालचं लग्न ठरलं होतं, आणि लग्न म्हटलं की दबलेली भांडी आपोआप वाजतात. नवरीची आत्या रुपीबाई सुपारी फुटल्यावर सहज बोलल्यासारखं बोलली, की नवरदेवाला हळदीचा पहिला हात घुगरीवालीचा लागतो, तर तुमच्याकडे काय समजायचं? झालं. तांड्याच्या नायकाने पंचायतीला माणसं बसवली. तांड्यातलं बोलणं गोरबोलीत चालायचं, पण यवतमाळला राहून राहून बाबुलालच्या डोक्यात ते वऱ्हाडीतच उमटे, आणि याचंही त्याला मधूनमधून वाईट वाटे. नायक म्हणाला, "जमनी, दोन डगरीवर पाय ठेवून किती दिवस चालशीन? आहे तर आहे म्हण, नाही तर नाही म्हण." आणि त्याच सुमारास शेजारच्या सुखीबाईचा भाऊ आदिलाबादकडे बैल विकायला गेला असताना तिथल्या एका फोटोवाल्याच्या दारातल्या काचेच्या खोक्यात त्याला हा फोटो दिसला. नमुन्याचे फोटो लावलेले, त्यात लालसिंग, मोटारीला टेकलेला, हसरा. फोटोवाला नवा होता. खोकं जुन्या मालकाचं, जुना मालक वारलेला. फोटो कधीचा हे त्याला सांगता आलं नाही. चार रुपये घेऊन त्याने फोटो देऊन टाकला. तो तांड्यात हातोहात फिरला आणि कोणीतरी म्हणालं, मोटारीवरून समजते की. आपला बाबुलाल पाह्यल आन सांगल.

सगळ्यांनी माना हलवल्या. जमनीने फोटो पदराने पुसला, थोडा वेळ जवळ धरला आणि मुलाच्या हातात दिला. "तू पाहून ये," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराच्या दिवशी सांगजो. तू सांगशीन तसं." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाबुलालला दिसलं नाही, आणि तेव्हापासून तो ते चेहऱ्यावरचं न दिसलेलं वाचायचा प्रयत्न करत होता. मोटार जुनी निघाली तर फोटो बाप जायच्या आधीचा धरला जाणार. मग तांडा म्हणणार, बघा, जिवंतपणाची शेवटची खूण ही, त्यापुढे काही नाही, उतरव आता. आणि मोटार नवी निघाली तर? तर तो माणूस नदीपलीकडे मेला नाही, वाचला. वाचला आणि आला नाही. अंगाने भरला, मिशा कोरल्या, कोणाच्या तरी मोटारीला टेकून हसला, आणि इकडे त्याची बायको रस्त्यावर खडी फोडत होती. तांड्यात अशा बाईला एक शब्द होता. टाकलेली. हा शब्द पाणवठ्यावर मागून येतो, पुढून कोणी म्हणत नाही. एका उत्तरात याडी विधवा होणार होती, दुसऱ्या उत्तरात टाकलेली. तिसरं उत्तर मोटारीच्या धंद्यात नव्हतं.

खरं म्हणजे मोटारी तो शिकला ते त्या खडीच्या ढिगाऱ्यावरच. उमरखेडच्या रस्त्याचं काम निघालं की जमनी टोळीत जाई. त्याला शाळेला सुट्टी असली की बरोबर नेई. पळसाच्या पानांचा आडोसा करून तो बसे, ती हातोडी चालवी. दगडाची कच दातांखाली येई, भाकरीतही येई, आणि अजूनही कुठे नवी खडी पडलेली दिसली की त्याच्या दातांना ती करकर आठवे. लांबून मोटारीचा आवाज आला की जमनीची हातोडी थांबे. प्रत्येक मोटारीला थांबे. ती मान वर करी, डोळ्यांवर हात धरी, धुळीत मोटार येई आणि जाई, आणि मुकादम ओरडे, "ओ घुगरीवाली, मोटार का तुह्या बापाची हाय?" बायका हसत. जमनी हसत नसे, चिडतही नसे. ती मुलाला विचारी, "कोणती व्हय रे?" टोळीतल्या बायकांबरोबर राहून तिच्या तोंडात वऱ्हाडी बसली होती आणि हा खेळ ते वऱ्हाडीतच खेळत. तो सांगे, शेवरलेट. तो सांगे, फोर्ड. माहीत नसलं तर ड्रायव्हर चहाला थांबत त्या टपरीवर पळत जाऊन विचारून येई. तिची कंबर भरून येते, तेवढाच विसावा म्हणून ती मोटारीच्या निमित्ताने थांबते, असं तो समजे, आणि तिला जरा जास्त विसावा मिळावा म्हणून नाव सांगायला मुद्दाम वेळ लावी. आज इतक्या वर्षांनी, गल्ल्यासमोर उभं राहून ऑस्टिनचं गॅस्केट कागदात बांधताना, त्याला ते सगळं उगाचच आठवत होतं.

दुपारी शेजारच्या गॅरेजातला भीमराज चहाला बोलवायला आला. हाताला काळं तेल, कानाला विडी. दोघांचं बरं जमे. भीमराज म्हणाला, "अबे, त्या फोटोत शिरून राह्यला तू. पाह्यलं का नाही अजून?"

"पाहून राह्यलो."

"पाहून राह्यलो म्हणे! लग्नाच्या बोहल्यावर पाह्यशीन का?" मग त्याने चहाची बशी फुंकली. "आमच्या मायनं देव काढले ना घरातले, तवा मी होतो तिथं. धर्म घेतला त्या सालची गोष्ट. टोपलं भरलं, नदीवर गेली. आजीच्या टायमाचे टाक होते लेका त्याच्यात, चांदीचे. मले वाटलं, आता बुढी पडते पाण्यात. रडली. लय रडली. मंग घरी आली, आन दोन भाकरी खाल्ल्या. म्हणे, रोज यायले आंघोळ घालून घालून जीव गेलता माहा."

बाबुलालला त्याचा राग आला. देव वेगळे, नवरा वेगळा, हे याला कळत नाही का? पण दोन भाकरी खाल्ल्या हे वाक्य डोक्यातून जाईना. "तू असता त काय केलं असतं?" त्याने विचारलं.

"मी त मोटारीचं इंजन पाह्यतो बाप्पा," भीमराज उठत म्हणाला. "फोटोत इंजन दिसत नाही."

दुकानाच्या मागे टायरांची खोली होती. रबराच्या वासाने डोकं चढे म्हणून तिथे कोणी बसत नसे. बाबुलाल तिथे गेला, झरोक्याखाली उभा राहिला आणि फोटो काढला. आधी त्याने नेहमीसारखं बापाचं तोंड पाहिलं. हे तोंड त्याला आठवत नव्हतं. आठवत होती ती एकच गोष्ट. कोणीतरी दोन्ही काखांत हात घालून आपल्याला उचललं आणि मोटारीच्या तापलेल्या पत्र्यावर बसवलं, मांड्या भाजल्या, आपण रडलो, आणि ते माणूस हसलं. हीसुद्धा खरी आठवण की याडीने सांगितलेली, की आपणच कधीतरी गरज पडली म्हणून बनवलेली, हे त्याला ठरवता येत नसे. पण पत्र्याचा चटका खरा होता. मांडीला अजून बसे. मग त्याने नजर खाली आणली. खांदा, दंड, कोपर. कोपराच्या आतला त्रिकोण. जुन्या मोटारीत त्या जागी घळ दिसायला हवी. बॉनेट मध्ये उंच, मडगार्ड बाजूला वेगळं, आणि मध्ये खोल सावली. युद्धाआधीच्या काही विलायती मोटारींचे दिवे मडगार्डातच बसवलेले असत, हे त्याला ठाऊक होतं, आणि दिवा दिसत नाही याचं काही वाटून घ्यायचं नाही असं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. दिवा नको. नुसती घळ असू दे. एवढीशी काळी रेघ असू दे.

त्रिकोणात काळं काही नव्हतं. सपाट पत्रा होता. बॉनेटवरून मडगार्डावर आणि मडगार्डावरून पुढे सलग गेलेला रुंद पत्रा, आणि त्यावर उन्हाची एकच अखंड तिरीप. तिरीप कुठे तुटत नव्हती. त्याने फोटो झरोक्याच्या अगदी जवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला. तिरीप तशीच. लँडमास्टर. डोक्याने विचार करायच्या आधी तोंडाने नाव घेतलं, आणि टायरांच्या खोलीत ते नाव त्याला दुसऱ्या कोणी घेतल्यासारखं ऐकू आलं. ही मोटार निघाली तेव्हा रझाकार संपून वर्षं झाली होती, निजामाचं राज्य संपलं होतं. पहिल्यांदा ती आपण कुठे पाहिली होती बरं? काही केल्या आठवेना. आठवायची गरजही नव्हती. त्याला घाम फुटला, आणि घामाबरोबर एक विचित्र, लाजिरवाणी गोष्ट झाली. त्याला आनंद झाला. बाप मेला नव्हता. निदान तेव्हा नव्हता. हा आनंद जेमतेम एक श्वासभर टिकला आणि त्याच्या मागून असा संताप आला की त्याने फोटो फाडायला दोन्ही हातांत धरला. मग याडीने तो पदराने पुसला होता हे आठवलं आणि त्याने तो परत खिशात ठेवला.

बाजाराच्या दिवशीची एसटी दिग्रस, पुसद करत उमरखेडकडे निघाली. खिडकीशी बसून बाबुलाल एकच वाक्य घोकत होता. मोटार जुनी आहे. मोटार जुनी आहे, फोटो बाप जायच्या आधीचा आहे. साधं वाक्य. गिऱ्हाइकाला दिवसातून दहादा म्हणावं तसं. पण मध्येच त्याला वाटे, आपण कोण तिचं कुंकू पुसणारे? ती इतकी वर्षं तग धरून राहिली ती कशावर? तो येईल यावरच ना? मग खरं सांगावं, जिवंत होता म्हणावं, घुगरी राहू दे डोक्यावर. आणि लगेच पाणवठा डोळ्यांपुढे येई, पाठमोरी याडी, मागून आलेला तो शब्द. शिवाय नायक गप्प बसला नसता. चार माणसं आदिलाबादला पाठवली असती, माणूस शोधला असता, आणि समजा सापडला असता, बायकापोरांसकट? लग्नाच्या मांडवात त्याला आणून बसवला असता? पुसदच्या घाटात समोरून एक मोटार आली आणि सवयीने बाबुलालने मान वळवली. मॉडेल ओळखण्याआधी त्याने ड्रायव्हरचं तोंड पाहिलं. मग शेजारी बसलेल्याचं. मग मागचं. मोटार वळणाआड गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मोटार कोणती होती हे त्याने पाहिलंच नाही. असं त्याचं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तांड्यात माणसं बसलेलीच होती. नायक, चार म्हातारे, सुखीबाईचा भाऊ, आणि नवरीकडून रुपीबाई मुद्दाम आलेली. बायका जरा मागे. जमनी त्यांच्यात पुढे, पाय दुमडून, दंडावरचा चुडा गुडघ्यांवर टेकवून. एसटीची धूळही झटकू न देता नायकाने विचारलं, "पाह्यलं का रे?"

"पाह्यलं."

"मंग?"

बाबुलालने याडीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अगदी सरळ, लहानपणी नाव विचारताना बघे तशी. "मोटार जुनी हाय," तो म्हणाला. आवाज चिरकला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "लय जुनी. बा इथून गेला त्याच्या आधीची."

मग म्हाताऱ्यांतला एकजण हळूच म्हणाला, "म्हंजे गेला म्हणाचा लालसिंग." आणि मागून सुखीबाईने मोठ्याने गळा काढला. तिच्या पाठोपाठ सगळ्या बायका उठल्या, जमनीच्या गळ्यात पडल्या, इतक्या वर्षांचं साचलेलं रडणं एकदम वाट फुटून निघालं. रुपीबाईसुद्धा रडली. जमनीही रडली, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. घुगरी तिने स्वतः सोडवली. केस अडकले होते, चांदीत गुंतून बसले होते, ते एकेक करून काढले, जे निघाले नाहीत ते तोडले. चुडा निघेना तेव्हा तेल मागितलं. बाबुलाल जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याने आयुष्यात एकदाच मोटार चुकीची सांगितली होती आणि ती सगळ्यांनी मान्य केली होती.

उन्हं उतरल्यावर माणसं पांगली. मायलेक झोपडीच्या मागच्या बाजूला, रस्ता दिसतो तिथे बसले. जमनीने तोंड धुतलं होतं. कानांजवळची कातडी, जिथे घुगरीचं ओझं वर्षानुवर्षं ओढत होतं, तिथे पांढरट आणि नागडी दिसत होती, आणि ती तिथे बोटांनी सावकाश चोळत होती. मग तिने भाकरी आणली. त्याला एक दिली, स्वतः घेतली. तिने ती खाल्ली आणि दुसरी घेतली. बाबुलालची पहिली तशीच हातात होती. भीमराजचं वाक्य त्याला आठवलं आणि त्याने घाबरून तिच्याकडे बघितलं.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने फोटो दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि भाकरीचं पीठ लागलेलं बोट नेमकं कोपराच्या त्रिकोणात टेकवलं. "अथी दिवा पाह्यजे होता. नाही का रे?"

बाबुलालने हातातली भाकरी खाली ठेवली.

"ह्या जातीच्या मोटारी रस्त्यावर याले लागल्या तवा तू साळंत होता," जमनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं, आणि थोडीशी माया. "पह्यली आली त तूच टपरीवर पयत गेलता इचाराले. परत आला आन म्हणला, याडी, लँडमास्टर. मले कसं नाही समजन? येईन त्या मोटारीत डोकावून पाह्यत होती मी. आज येईन, उद्या येईन."

"मंग तू काहून..." त्याने फोटोवरून तिच्याकडे बघितलं. "तुले फोटो पाह्यल्याबरोबर समजलं होतं?"

"हातात आला तवाच."

"मंग मले काहून पाठवलं?"

तिने बोट पदराला पुसलं. "मी सांगतलं असतं त कोणी मानलं असतं? चारचौघात कोणीतरी त्याले मेला म्हणाले पाह्यजे होतं, बाबू. तू म्हणला."

रस्त्यावर लांबून आवाज येऊ लागला. मोटार होती, ट्रक नव्हता. बाबुलालची मान आपसूक वर झाली. पळसाआडून दिव्यांचा उजेड आला, धूळ उठली, मोटार समोर आली. जमनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत होती. मोटार जवळून गेली, वळणाआड गेली, आवाज विरला, आणि तिने मान वर केली नाही.